अंगणातील पहिला मुक्काम

उत्तर अमेरिकेच्या थंड प्रदेशांत हिवाळ्याची चाहूल लागली की मोटारीमागे ओढून न्यावयाचे ट्रेलर घरासमोर विसावतात. निवृत्तीनंतर तेथे मुलांसमवेत अथवा जोडीदारासह अशा चाकांवरच्या घरातून हिंडण्याचा आनंद आपण घेत असाल, तर हे रिकामे महिने दवडू नका. रानातल्या काळोखात, फोन लागत नसताना जे शिकणे जिवावर बेतू शकते, ते अंगणात निवांतपणे शिकता येते.

आरंभ धोक्याच्या सूचकांपासून करावा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. त्याने होणारी डोकेदुखी, मळमळ व चक्कर वडीलधारी मंडळी प्रवासाचा शीण किंवा पित्त समजून अंगावर काढतात. प्रोपेन वायू हवेपेक्षा जड असल्याने त्याचा सूचक जमिनीलगत बसविलेला असतो. दोन्ही सूचकांवरील बाद होण्याची तारीख वाचा, कळ दाबून आवाज ऐका आणि तो कानांना पुरेसा ऐकू येतो का, हेही पाहा. श्रवणयंत्र काढून निजणाऱ्यांसाठी ही परीक्षा फार मोलाची आहे. सूचक वाजताच प्रथम सर्वांनी बाहेर पडावे. मदतीसाठी फोन त्यानंतर करावा. ऊब मिळावी म्हणून स्वयंपाकाची शेगडी कधीही पेटती ठेवू नये.

आपण इन्सुलिन घेत असाल, तर शीतकपाटाची ओळख करून घ्या. प्रोपेनवरही चालणारे शीतकपाट ट्रेलर समतल नसल्यास नीट थंडावत नाही, आणि पुरेसे गार होण्यास त्याला अनेक तास लागतात. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये राहावयास हवे. गोठले तर ते निकामी होते. आत तापमापी ठेवून दोन दिवस सकाळ-संध्याकाळ नोंद करा. औषध मात्र त्या दिवसांत घरातच असू द्या.

मग थंडी ओसरली की एक रात्र अंगणातच मुक्काम करा. अंथरुणापासून शौचालयापर्यंत मंद दिव्यात चालून पाहा. हात कोठे टेकतो, पायरी किती उंच आहे, ती ओली झाल्यास पाय घसरतो का, हे ध्यानात घ्या. कठडा व रात्रदिवा यांची उणीव येथेच कळेल. श्वासाचे यंत्र वापरणाऱ्यांनी ते ट्रेलरच्या बॅटरीवर रात्रभर चालते का, हेही याच मुक्कामात अजमावावे. घराचा दरवाजा दहा पावलांवर असतो.

पाण्याची टाकी मात्र हिमाचे भय सरल्यावरच भरावी. नळ्यांतील गुलाबी गोठणरोधक द्रव धुऊन काढावा, टाकी सौम्य ब्लीचच्या पाण्याने निर्जंतुक करावी आणि वास जाईतो स्वच्छ पाण्याने खळबळावी.

शेवटी एक गोष्ट जोडीने करा. वायूची झडप, विजेची मुख्य कळ व अग्निशामक नळकांडे कोठे आहे, हे दोघांनाही डोळे मिटून सांगता आले पाहिजे. ज्याला सारे ठाऊक, नेमका तोच आजारी पडू शकतो.