अदमासदर्शक व किमानदर्शक संख्याप्रयोग, मराठीतील

एखादे परिमाण नेमके न सांगता त्याचा अंदाज किंवा त्याची खालची मर्यादा सुचविणारे शब्दप्रयोग. अदमासात मूळ परिमाण उच्चारलेल्या संख्येहून थोडे कमी वा अधिक असू शकते. किमान मर्यादेत ते त्या संख्येइतके वा अधिकच असावे लागते.

अदमास दर्शविण्याच्या मुख्य रीती अशा : (१) संख्येपूर्वी सुमारे, अंदाजे, साधारणतः यांसारखी अव्यये येतात. यांपैकी ‘सुमार’ व ‘अंदाज’ हे शब्द फार्सीतून आलेले आहेत. ‘जवळजवळ शंभर’ या प्रयोगात मात्र संख्या शंभराहून किंचित कमी असल्याचे सूचित होते. (२) संख्येस ‘एक’ जोडतात, उदा., दहाएक, पन्नासेक. येथे ‘एक’ची बेरीज अभिप्रेत नसते, दहाएक म्हणजे अकरा नव्हेत. (३) दोन संख्या जोडून उच्चारतात, उदा., पाच-सात, दहा-बारा. ‘चार-दोन’, ‘दहा-पाच’ अशा उतरत्या क्रमाने बहुधा अल्पत्व सुचविले जाते. (४) संख्येनंतर ‘च्या आसपास’, ‘च्या घरात’ असे शब्द योजतात.

किमान मर्यादा निदान, किमान, कमीत कमी या शब्दांनी किंवा संख्येनंतरच्या ‘तरी’ने दाखवितात. ‘निदान दहा तरी’ असा दुहेरी प्रयोगही रूढ आहे. ‘किमान शंभर’ यात शंभर ही संख्या समाविष्ट होते. ‘शंभराहून अधिक’ यात होत नाही.

हा भेद व्यवहारात महत्त्वाचा ठरतो. जळगाव व धुळे ही कापसाच्या व्यापाराची केंद्रे होत. तेथील एखाद्या शेतकऱ्याने ‘सुमारे १० क्विंटल’ कापूस देण्याचे कबूल करून साडेनऊ क्विंटल दिला, तर बोलीभाषेच्या दृष्टीने शब्द पाळला गेला असे म्हणता येईल. ‘किमान १० क्विंटल’ असे ठरले असल्यास तो मोडला जातो. मजुराच्या बाबतीतही असेच होते. ‘सुमारे’ म्हणून ठरलेली मजुरी कमी करण्यास वाव राहतो, ‘किमान’ म्हणून ठरलेली राहत नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या नावात ‘किमान’ हा शब्द याच अर्थाने आला आहे.

हवामानशास्त्रात मात्र ‘किमान’ हे विशेषण निराळ्या अर्थाने येते. ‘जळगावचे किमान तापमान १०° से.’ म्हणजे त्या कालावधीत नोंदले गेलेले नीचतम तापमान. ती एक निश्चित नोंद असते. ‘तापमान किमान १०° से. राहील’ या वाक्यात तोच शब्द क्रियाविशेषण होऊन केवळ खालची मर्यादा सांगतो. म्हणून करारात वा अहवालात अशा शब्दाचे वाक्यातील स्थान काळजीपूर्वक ठरवावे लागते.