आकड्यांत न मावणारं कापड

सिमेंटपासून प्रेशर कुकरपर्यंत हजारो वस्तूंची भारतीय मानकं आहेत. त्यांतलं अगदी पहिलं, आयएस १, कशाचं? राष्ट्रध्वजाचं! ते १९५१ साली निघालं, १९६८ मध्ये सुधारलं गेलं. मराठवाड्यात त्याचा थेट संबंध येतो. लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला खादी विणली जाते, रंगणीसाठी अहमदाबादला जाते आणि नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत तिचा तिरंगा होतो.

या मानकाची शिस्त बघून थक्क व्हायला होतं. ध्वजाचे आकार नऊ : सर्वांत मोठा ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, सर्वांत लहान १५० बाय १००. रंग ‘केशरी’ एवढं म्हणून भागत नाही. रंगांच्या आंतरराष्ट्रीय नकाशावर केशरीची जागा ०.५३८ आणि ०.३६०, हिरव्याची ०.२८८ आणि ०.३९५ अशी नेमून दिलेली आहे.

एवढं बांधून घेतल्यावरही काहीतरी निसटतंच. कापडाची चकाकी, हाताला लागणारा पोत, एकूण दिसणं. हातसूत तर मुळातच कुठे जाड, कुठे बारीक. (३० डिसेंबर २०२१ पासून यंत्रावरचा, पॉलिस्टरचा ध्वजही चालतो, पण ही अडचण खरी रंगते ती खादीतच.) इथे आपल्या कापडाच्या मानकांनी सरळ हात टेकले आहेत, आणि मला त्यांचा हा प्रामाणिकपणा फार आवडतो. जे गुण मोजता येत नाहीत त्यांच्यासाठी घेणाऱ्याने नि देणाऱ्याने एक नमुना पसंत करून सील करावा, माल त्याबरहुकूम असावा. तो नमुना कुणाच्या ताब्यात राहील, हेसुद्धा आधीच ठरवावं! तंटा झालाच तर निवाडा त्या तुकड्यावरच व्हायचा.

पण नमुन्याशेजारी माल धरून बघणंही सोपं नाही. मॅचिंग सेंटरमधून ब्लाऊजपीस घेऊन बायका उन्हात येतात, त्यामागे पक्कं विज्ञान आहे. वेगवेगळ्या रंगद्रव्यांचे दोन केशरी ट्यूबलाइटखाली हुबेहूब दिसतात आणि उन्हात वेगळे पडतात. म्हणून तपासणीचा प्रकाशही ठरवून घ्यावा लागतो.

आणि खुद्द नमुनाच विटला तर? म्हणून मूळ तुकडा अंधारात जपायचा, रोजच्या कामाला त्याच्या प्रती वापरायच्या. पॅरिसजवळ जपलेला किलोग्रॅमचा धातूचा ठोकळा हाही साऱ्या जगाने मंजूर केलेला नमुनाच. शंभर वर्षांत तो आणि त्याच्या प्रती यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडला. अखेर २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या निसर्गातल्या एका स्थिरांकावर गेली.

कापडाला अशी सोय नाही. रंग उजेडात किती टिकतो हे बघायलाही नमुनेच लागतात : लोकरीच्या आठ निळ्या पट्ट्या. पहिली झटकन विटते, पुढची प्रत्येक साधारण दुप्पट चिवट. तपासायचं कापड त्यांच्यासोबत एकाच दिव्याखाली ठेवायचं. ज्या पट्टीच्या बरोबरीने त्याचा रंग उतरेल, तिचा क्रमांक हाच त्याचा गुण.