आधी डोके, मग गाडी

मोटारसायकल आता गावोगाव झाली आहे. दूध घालणारा असो की कारखान्यात पाळीवर जाणारा असो, गाडीवाचून त्याचे पाऊल हलत नाही. नवी गाडी दारात आली की तिला हळदकुंकू लागते, हार पडतो. मग मालक दुकानात जातो आणि विचारतो, "गाडीला काय काय बसवू?" दुकानदार चकचकीत वस्तू पुढे मांडतो. पैसे तर मोजकेच! मग आधी काय घ्यावे? आम्ही सांगतो ते ध्यानात घ्या.

पहिला मान डोक्याचा. हात मोडला तर तो सांधतो. डोक्याचे तसे नाही. म्हणून आधी हेल्मेट घ्या. ते काम कसे करते? त्याला बाहेरून कठीण कवच असते. आत थर्माकोलसारखा जाड थर असतो. डोके आपटले की हा थर चेपतो आणि बराचसा धक्का स्वतः सोसतो. पण चेपलेला थर पुन्हा फुगत नाही. म्हणून एकदा जोरात आपटलेले हेल्मेट टाकून द्यावे, मग ते बाहेरून कितीही धड दिसो.

हेल्मेटवर आयएसआयची खूण पाहा. तिच्याजवळ आयएस ४१५१ हा आकडा असतो. अक्षरे इंग्रजी असतात. वाचता आली नाहीत तर शाळेतल्या मुलाकडून वाचून घ्या, त्यात कसली लाज? मग हेल्मेट डोक्यात घालून हनुवटीखाली पट्टा लावा आणि मागून पुढे ओढा. निघून आले तर ते आपल्या मापाचे नाही. पट्टा न लावता घातलेले हेल्मेट पडताना आधी उडून जाते.

हेल्मेट एक घ्यावे की दोन? कायदा म्हणतो, मागे बसणाऱ्यालाही हवे. चार वर्षांवरच्या मुलालाही हवे. पगडी बांधणाऱ्या शिखांना तेवढी सूट आहे. अहो, रस्ता काय घरधनी आणि घरधनीण असा भेद करतो?

दुसरी वस्तू साडी गार्ड. पदर किंवा ओढणी मागच्या चाकात गेली की बाई क्षणात खाली ओढली जाते. यासाठी मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला असावा, असा १९८९ च्या नियमांत दंडक आहे. धरायला मूठ आणि पाय ठेवायला पायटाही हवा. जागा मोकळी व्हावी म्हणून पुष्कळ लोक साडी गार्ड काढून ठेवतात. तसे करू नका. गार्ड असले तरी पदर खोचूनच बसावे.

तिसरा नंबर पुढच्या लेग गार्डचा. गाडी आडवी झाली तर टाकी, इंजिन आणि हँडल यांचा मार तो थोडा वाचवतो. पण पायाचे काय? अमेरिकेत लॉस एंजेलिस भागात ९०० अपघात जागेवर जाऊन तपासले गेले. त्याचा अहवाल १९८१ साली निघाला. गार्डमुळे घोट्याची आणि पावलाची इजा कमी होते, पण गुडघ्याची आणि मांडीची वाढते, असे त्यात आढळले. म्हणजे गार्ड हा मुख्यतः गाडीचा राखणदार, माणसाचा नव्हे.

तरी घ्यायचा असेल तर आपल्याच गाडीच्या मापाचा घ्या. तो सांगाड्याला बोल्टने घट्ट बसावा. टोके धारदार नसावीत. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा, कुठे अडता कामा नये. आणि चालत्या गाडीवर गार्डवर पाय पसरून बसू नका. ब्रेकवर पाय यायला जो क्षण लागतो, त्यात गाडी कितीतरी पुढे जाते.

थोडक्यात, आधी दोन हेल्मेट, मग साडी गार्ड, आणि पैसे उरले तर लेग गार्ड. गाडीचा पत्रा गॅरेजवाला ठोकून देईल, डोके कोण ठोकून देणार? शिर सलामत तर पगडी पचास!