टक्केवारीची एकच रेघ कोणासाठी?

उच्च शिक्षणात गुणवत्ता म्हणजे टक्केवारी, असे समीकरण आपल्याकडे पक्के झाले आहे. पण ही टक्केवारी कोणत्या विषयातली, हा प्रश्न कोणी विचारतो काय?

गणिताचे उत्तर बरोबर आले की दहापैकी दहा. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्राला प्रात्यक्षिकाचे गुण हाताशी असतात. इतिहास, मराठी, राज्यशास्त्र वा कायद्याचा पेपर तपासणारा परीक्षक मात्र दहापैकी सहा दिले तरी आपण फार उदार झालो, असे मानतो. कायद्याच्या परीक्षेत ६० टक्के गाठताना भल्याभल्यांची दमछाक होते, हे कोणत्याही वकिलाला विचारा.

हा प्रश्न बुद्धीचा नसून तपासणीच्या रिवाजाचा आहे. अमेरिकेत हा रिवाज नेमका उलटा आहे. तेथे रसायनशास्त्र, गणिताचे विद्यार्थी कमी श्रेणी मिळवतात, तर साहित्य, शिक्षणशास्त्राचे जास्त. ही तफावत एवढी बोचली की प्रिन्स्टन विद्यापीठाने २००४ साली सर्व विभागांना ‘ए’ श्रेणी साधारण ३५ टक्क्यांपर्यंतच देण्याचे धोरण घातले. ते २०१४ साली मागे घेतले गेले. म्हणजे विषयांची उतरंड देशागणिक बदलते. मग तिला गुणवत्ता कसे म्हणायचे?

आपल्याकडे मात्र रेघ एकच. प्राध्यापकीच्या ‘नेट’ परीक्षेसाठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५०. परदेशी शिक्षणासाठीच्या केंद्राच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीला किमान ६० टक्के. ही रेघ विषय पाहत नाही. अभियंता जी सहज ओलांडतो, तिथे कायद्याचा पदवीधर अडतो.

आणि आपली मुले-मुली कोठे शिकतात? तालुक्याच्या कॉलेजात बहुधा कला शाखा. विज्ञानाची शिकवणी, फी, शहरातली खोली परवडत नाही. त्यामुळे वरवर समान दिसणारी रेघ आपल्यावर अधिक जड पडते. असमानांना एकाच मापाने मोजणे ही समानता नव्हे, हे संविधानाच्या कलम १४ चा अर्थ लावताना न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे.

बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. म्हणजे ३७.६ टक्के! सहाच वर्षांनी, १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. टक्क्यांवर माणूस तोलणाऱ्यांनी हा हिशेब करून पाहावा.

उपाय अवघड नाही. एमएचटी-सीईटीच्या वेगवेगळ्या सत्रांचे पेपर सारखे नसतात, म्हणून तेथे पर्सेंटाइल देतात. तोच न्याय पदवीला लावा. गुणपत्रिकेवर टक्क्यांशेजारी, त्या वर्षी त्या विषयात विद्यार्थी कितव्या स्थानी आला, हे छापा. शिष्यवृत्तीची पात्रता त्यावर ठरवा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या श्रेयांक पद्धतीच्या मार्गदर्शक सूचनांत सापेक्ष श्रेणीचा मार्ग नमूद आहेच. तो वापरायची इच्छा हवी.

आपल्या विद्यार्थी संघटनांनी हा विषय अधिसभा आणि विद्यापरिषदेपर्यंत न्यावा. प्रत्येक विद्यापीठाकडे माहिती अधिकारात एक अर्ज टाका : मागील पाच वर्षांत कोणत्या शाखेत किती टक्के विद्यार्थी प्रथम श्रेणीत आले? हे आकडे हाती आले की मागणी भावनेवर नव्हे, पुराव्यावर उभी राहील. पुराव्यापुढे कुलगुरूंनाही उत्तर द्यावे लागते.