चित्र छोटे, देणे मोठे

काडेपेट्यांचे छाप, पोस्टाची तिकिटे, क्रिकेटपटूंची चित्रे जमवून त्यांची अदलाबदल करण्याचा छंद अनेक पिढ्यांनी जोपासला. त्या व्यवहारात पैशाला स्थान नव्हते. 'तुझ्याकडचे मला, माझ्याकडचे तुला' एवढाच नियम होता. हाच नियम कलेला लावला तर काय होईल, या प्रश्नातून एक आगळा कलाप्रकार जन्माला आला. 'आर्टिस्ट ट्रेडिंग कार्ड' हे त्याचे नाव. मराठीत त्याला 'देवघेवीचे चित्रपत्र' म्हणता येईल.

स्वित्झर्लंडमधील झुरिच येथील कलावंत एम. व्हेंची स्टिर्नेमान यांनी १९९७ मध्ये स्वहस्ते तयार केलेल्या १२०० चित्रपत्रांचे प्रदर्शन भरवले. ही चित्रपत्रे विक्रीसाठी नव्हती. ज्याला एखादे हवे असेल त्याने स्वतः एक तयार करून आणावे आणि बदल्यात न्यावे, अशी अट होती. त्याच वर्षी ही कल्पना कॅनडातील कॅलगरी शहरात पोहोचली आणि तेथून जगभर पसरली.

नियम मोजकेच

चित्रपत्राचा आकार ठरलेला आहे: अडीच इंच बाय साडेतीन इंच, म्हणजे ६४ बाय ८९ मिलिमीटर. अमेरिकेत बेसबॉलपटूंच्या कार्डांसाठी १९५७ पासून रूढ झालेला हाच आकार. त्यामुळे अशा कार्डांसाठी मिळणाऱ्या नऊ कप्प्यांच्या प्लास्टिक पानांत ही चित्रपत्रे नीट बसतात. दर्शनी बाजूवर काय करावे, याला बंधन नाही. मागील बाजूस कलावंताचे नाव, शीर्षक, तारीख आणि एकासारखी अनेक केली असल्यास क्रमांक लिहिण्याची प्रथा आहे. सर्वांत महत्त्वाचा नियम अर्थातच विक्री न करण्याचा. पुढे याच आकाराची चित्रे इंटरनेटवर विकली जाऊ लागली. मात्र त्यांना वेगळे नाव दिले गेले.

घडी आणि कातरकाम

एवढ्याशा जागेत रंगवण्यापेक्षा घडी आणि कोलाज यांचा मेळ अधिक खुलतो. दोन्ही कलांना स्वतःचा इतिहास आहे. 'ओरु' म्हणजे घडी घालणे आणि 'कामी' म्हणजे कागद, यांवरून ओरिगामी हा शब्द आला. या छंदावरील सर्वांत जुने ज्ञात जपानी पुस्तक १७९७ चे आहे. अकिरा योशिझावा (१९११-२००५) यांनी रेषा व बाणांची चिन्हलिपी रूढ केली आणि भाषा न कळताही घड्या शिकणे शक्य झाले. मराठी वाचकांना ही कला परिचित झाली त्यात लेखक अनिल अवचट (१९४४-२०२२) यांचा मोठा वाटा आहे.

'कोलाज' हा शब्द 'चिकटवणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला. पिकासो आणि ब्राक यांनी १९१२ मध्ये चित्रात मेणकापड आणि भिंतीचा छापील कागद चिकटवून त्याला आधुनिक कलेत स्थान मिळवून दिले. त्याच्या कितीतरी आधी, अठराव्या शतकात, इंग्लंडमधील मेरी डिलेनी यांनी वयाची सत्तरी ओलांडल्यावर रंगीत कागदांचे बारीक तुकडे कापून फुलांची शेकडो चित्रे घडवली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

कागदाचा स्वभाव

पाया म्हणून २५० ते ३०० जीएसएमचा जाड कागद घ्यावा. जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजूही चालते. यंत्रावर तयार झालेल्या कागदात तंतू प्रामुख्याने एकाच दिशेने असतात. त्या दिशेने घातलेली घडी स्वच्छ बसते, आडवी घातल्यास जाड कागद तडकतो. कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहावा. कमी विरोध जाणवेल ती तंतूंची दिशा. हातकागदात तंतू सर्व दिशांना विखुरलेले असल्याने हा फरक फारसा जाणवत नाही.

घडीकामासाठी घोटीव किंवा पतंगाचा कागद उत्तम. एक सोपी कळी पाहा. चार सेंटिमीटरचा चौरस कर्णावर दुमडून त्रिकोण करावा. लांब बाजू खाली ठेवून तिच्या मध्यबिंदूपासून दोन्ही टोके तिरकी वर दुमडावीत, मधले टोक त्यांच्यामध्ये डोकावू द्यावे. साडेतीन सेंटिमीटर रुंदीची तीन पाकळ्यांची कळी तयार होते. घडीवर चमच्याची पाठ फिरवली की ती धारदार होते. कागदाचे जास्तीत जास्त चार थर एकावर एक येत असल्याने चित्रपत्र कप्प्यात सहज सरकते.

पार्श्वभूमीचे तुकडे आधी न चिकटवता नुसते मांडून पाहावेत. खळ किंवा पातळ डिंक वापरल्यास कागद ओलाव्याने ताणला जातो आणि वाळताना पाया वाकतो. म्हणून मागील बाजूसही एक कागद चिकटवावा. दोन्हीकडचा ताण सारखा राहतो. पुस्तकबांधणी करणारे कारागीरही हेच करतात. त्यानंतर रात्रभर जड पुस्तकाखाली दाबून ठेवावे.

काय कापावे, काय नाही

वर्तमानपत्राचा कागद कोलाजमध्ये छान दिसतो, पण त्यातील लिग्निन या घटकामुळे काही वर्षांत तो पिवळा पडून ठिसूळ होतो. टिकाऊ काम हवे असेल तर चांगल्या कागदावर त्याची प्रत काढून ती वापरावी. आजीचे पत्र, आजोबांचा जुना फोटो, मोडी लिपीतील कागद यांना तर कात्री लावूच नये. त्यांचीही प्रत पुरते; मूळ कागद एकदा कापला की पुन्हा जुळत नाही. दुसऱ्या कलावंताचे चित्र जसेच्या तसे उचलून आपल्या नावावर देणेही या देवघेवीच्या भावनेत बसत नाही.

चित्रपत्र पोस्टाने पाठवताना पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवावे, म्हणजे घडी मोडत नाही.

या छंदाची खरी कसोटी मात्र शेवटी लागते. तासन्‌तास खपून केलेली, मनापासून आवडलेली वस्तू दुसऱ्याच्या हाती द्यायची आणि तिच्या बदल्यात काय येईल हे आपल्या हाती ठेवायचे नाही. कदाचित नवशिक्याचे वेडेवाकडे काम येईल, कदाचित नजर हटू नये असे काही. प्रत्येक वस्तूवर किंमत छापलेली पाहण्याची सवय झालेल्या शहरी माणसाला हे देणे सुरुवातीला जड जाते. पण समोरच्यानेही आपली आवडती वस्तू तशीच सोडून दिलेली असते. नऊ कप्प्यांचे पान भरत जाते, तसतशा त्यात नऊ माणसांच्या हातांच्या खुणा जमा होतात. बाजारातून विकत आणलेल्या शुभेच्छापत्रांच्या गठ्ठ्यात त्या शोधूनही सापडत नाहीत.