परदेशी घर हलवताना: पेट्या, गाडी आणि विमा

परदेशी जाण्याविषयी बोलायचं म्हटलं की नोकरी, व्हिसा आणि तिकीट यांच्याबद्दल खूप बोललं जातं. ते साहजिकच आहे, कारण त्यातलं काही चुकलं तर जाताच येत नाही. सामान आणि गाडी यांचं तसं नसतं. तिथं काही चुकलं तरी आपण जातो, विमान वेळेवर सुटतं, आणि बिल सहा महिन्यांनी येतं. म्हणून आज आपण याच दोन गोष्टींवर बोलणार आहोत.

प्रत्येक देशाचे नियम वेगळे असल्यामुळे एकच उदाहरण घेऊ. समजा, कोथरूडचं एक चौकोनी कुटुंब नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये लीड्सला निघालंय. तीन-चार वर्षं राहायचा बेत आहे. इथं एक गाडी आहे, घर भरलेलं आहे. तुम्ही जर्मनीला किंवा कॅनडाला जाणार असाल तर आकडे बदलतील, पण विचारायचे प्रश्न हेच राहतील.

आणि सुरुवातीलाच एक सूत्र सांगून ठेवतो, आजचं सगळं व्याख्यान त्याच्याभोवती आहे. सामान जहाजाने जातं, पण आपला इतिहास कागदाने जातो. ही वस्तू माझी आहे, मी बारा वर्षं गाडी चालवतोय, मी गाडी विकून टाकली: या तिन्ही गोष्टी आपल्याला माहीत असतात. पण कायदा आणि विमा कंपनी त्या कागदावर असतील तेवढ्याच धरतात.

सामान: वजन नाही, जागा मोजली जाते

पहिला गैरसमज वजनाचा. समुद्रमार्गे घरसामान पाठवताना पैसे मुख्यतः घनमीटरवर, म्हणजे पेटी किती जागा व्यापते यावर लागतात. ६० बाय ४५ बाय ४५ सेंटीमीटरची पेटी घ्या. अशा साधारण आठ पेट्यांचा एक घनमीटर होतो. वीस फुटी कंटेनरमध्ये सुमारे ३३ घनमीटर जागा असते. आपल्या कुटुंबाला एवढी लागणार नाही. त्यांचं सामान इतरांच्या सामानाबरोबर एका कंटेनरमध्ये जाईल. ते स्वस्त पडतं, पण कंटेनर भरेपर्यंत थांबावं लागतं.

विमानाने पाठवायचं तर वेगळा हिशोब. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ६००० ने भागायचं. आपली मघाची पेटी २० किलोंच्या थोडी वर येते. आत नुसत्या उशा भरल्या तरी २० किलोंचेच पैसे पडतात. कुरियरवाले बऱ्याचदा ५००० ने भागतात, म्हणजे आकडा आणखी वाढतो. तेव्हा दर विचारण्याआधी भागाकार विचारा.

न्हावा शेवाहून निघालेलं सामान घरपोच मिळायला दीड ते तीन महिने धरून चाला. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा अनेक कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला आणि प्रवास दहा-बारा दिवसांनी लांबला. असं पुन्हा होऊ शकतं. त्यामुळे मुलांची शाळेची कागदपत्रं, हिवाळी कपडे, औषधं आणि पहिल्या महिन्याची भांडी विमानातल्या बॅगेतच हवीत.

काय न्यायचं? ब्रिटनमध्ये वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे, म्हणून मिक्सर नेला तर चालतो, फक्त प्लग बदलावा लागतो. ॲल्युमिनियमचा कुकर मात्र इंडक्शन शेगडीवर तापत नाही. साजूक तूप, पेढे, खवा पेटीत भरू नका. भारतातून दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ तिथं नेता येत नाहीत.

आणि देवघर. इथं जरा थांबा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणी, कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. हस्तलिखित पोथीसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. पणजीच्या माहेरून आलेला पितळी बाळकृष्ण आपल्या दृष्टीने घरचा देव असतो, पण कस्टमच्या दृष्टीने तो पुरावस्तू ठरू शकतो. वस्तू जुनी दिसते पण तेवढी जुनी नाही अशी खात्री असेल, तर पुरातत्त्व खात्याकडून तसा दाखला घेता येतो. शंका असेल तर देव इथेच, घरच्या माणसांकडे राहू द्यावा.

तारखांचा हिशोब

आता कराकडे येऊ. वापरलेलं घरसामान ब्रिटनमध्ये करमुक्त नेता येतं, पण त्यासाठी तिथल्या महसूल खात्याकडे 'ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स' सवलतीचा अर्ज करावा लागतो. अर्जाला फी नाही. मुख्य अटी चार. तुम्ही सलग किमान १२ महिने ब्रिटनबाहेर राहिलेले असावेत. वस्तू किमान सहा महिने तुमच्या मालकीची आणि वापरातली असावी. सामान तुम्ही राहायला जाण्याच्या सहा महिने आधी ते नंतर बारा महिने या काळात पोचावं. आणि पोचल्यावर १२ महिने ते विकायचं, भाड्याने द्यायचं किंवा गहाण ठेवायचं नाही. दारू आणि तंबाखू या सवलतीत बसत नाहीत.

यातून एक व्यवहारी गोष्ट निघते. 'जाणारच आहोत तर इथूनच नवा टीव्ही, नवा सोफा घेऊन टाकू' हा विचार महागात जातो. निघण्याच्या महिनाभर आधी घेतलेली वस्तू सहा महिन्यांच्या अटीत बसत नाही. मोठ्या वस्तूंची बिलं जपून ठेवा, त्यांच्यावर तारीख असते.

अर्ज सामान जहाजावर चढण्याच्या बराच आधी करा. मंजुरीचा क्रमांक हातात नसताना कंटेनर बंदरात उतरला, तर सामान अडकतं आणि जागेचं भाडं दिवसागणिक चढत जातं.

सागरी विमा: बुडालं नाही तरी पैसे

'जहाज थोडंच बुडणार आहे?' असं म्हणून बरेच जण सामानाचा विमा टाळतात. पण समुद्री कायद्यात 'जनरल ॲव्हरेज' नावाची फार जुनी पद्धत आहे. जहाज वाचवण्यासाठी मुद्दाम काही खर्च केला किंवा काही माल गमावला, तर तो भार जहाजमालक आणि ज्यांचा ज्यांचा माल वर आहे ते सगळे मिळून वाटून घेतात. तुमच्या पेट्या शाबूत असल्या तरी तुमचा वाटा लागतो.

२३ मार्च २०२१ ला सुएझ कालव्यात आडवं अडकलेलं 'एव्हर गिव्हन' सगळ्यांना आठवत असेल. ते २९ मार्चला सुटलं, पण भरपाईच्या वादात जुलैपर्यंत कालव्याच्या हद्दीतच अडकून पडलं. त्यावर १८ हजारांहून अधिक कंटेनर होते आणि मालकाने जनरल ॲव्हरेज जाहीर केलं होतं. अशा वेळी विमा असेल तर हमी विमा कंपनी देते. विमा नसेल तर आधी अनामत रक्कम भरा, मग सामान न्या.

विमा घेताना दोन गोष्टी बघायच्या. एक, विमा सर्व जोखमींचा आहे की फक्त पूर्ण नुकसानीचा. दुसऱ्या प्रकारात अर्ध्या काचा फुटल्या तरी काही मिळत नाही. दोन, पेट्या कोणी भरल्या. आपण स्वतः भरलेल्या पेट्यांतल्या मोडतोडीला बऱ्याच पॉलिसींत संरक्षण नसतं किंवा फार थोडं असतं. आणि यादीत 'स्वयंपाकघरातलं सामान' असं ढोबळ लिहू नका. वस्तू, संख्या, किंमत असं लिहा. हीच यादी कराच्या अर्जालाही लागते.

मागे राहिलेली गाडी

आता गाडी. ती सोबत नेणं बहुतेकांना परवडत नाही, म्हणजे विकायची किंवा ठेवायची.

विकताना आपल्याकडे काय होतं? पैसे मिळतात, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतात, किल्ली दिली जाते. 'आरटीओचं मी बघतो,' असं घेणारा म्हणतो. आणि आपण विमानात बसतो. इथेच खरा धोका आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याने गाडीचा मालक. त्या प्रकरणात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे अनेकदा विकली गेली होती, नोंद मात्र मूळ मालकाच्याच नावावर राहिली. अपघात झाला आणि भरपाईची जबाबदारी त्या मूळ मालकावर आली. आपलं लीड्सचं कुटुंब अशा वेळी सात हजार किलोमीटरवर असेल.

म्हणून गाडी निघण्याच्या किमान दोन महिने आधी विका. कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवून घ्या. विक्रीची सूचना आरटीओला आपणहून द्या. विकणाऱ्यासाठी राज्यातल्या राज्यात ही मुदत १४ दिवसांची आहे. नवं नाव लागलेलं परिवहनच्या संकेतस्थळावर स्वतः बघा, मगच विषय संपला म्हणा.

विमा कंपनीकडून 'नो क्लेम बोनस' राखून ठेवल्याचं पत्र मागून घ्या. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, तो ५० टक्क्यांपर्यंत जातो. हे पत्र भारतात तीन वर्षं चालतं, म्हणजे लवकर परतलात तर नव्या गाडीला उपयोगी पडतं.

गाडी ठेवायची असेल तर पॉलिसीची तारीख घरच्या कुणाला तरी सांगून ठेवा. मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण झालं नाही तर साठलेला बोनस जातो.

तिथली गाडी: विमा माणसाचा

थर्ड पार्टी विमा दोन्ही देशांत सक्तीचा. पण मागचा विचार वेगळा आहे. आपल्याकडे विमा प्रामुख्याने गाडीचा असतो. मालकाच्या संमतीने, वैध लायसन्स असलेला कुणीही ती चालवू शकतो. ब्रिटनमध्ये विमा गाडी आणि माणूस या जोडीचा असतो. पॉलिसीत ज्यांची नावं आहेत त्यांनीच ती गाडी चालवायची. 'जरा कोपऱ्यावरून दूध घेऊन ये' म्हणून मित्राला किल्ली दिली, तर तो विम्याविना गाडी चालवत असतो. त्याला ३०० पौंड दंड आणि लायसन्सवर सहा गुण लागू शकतात, गाडी जप्तही होऊ शकते.

वापरही सांगावा लागतो. घरगुती आणि मौजेच्या वापरासाठी घेतलेल्या पॉलिसीत रोज ऑफिसला जाणं येत नाही. ते वेगळं नोंदवावं लागतं. आणि हप्ता कमी व्हावा म्हणून नवरा रोज चालवत असताना बायकोला मुख्य चालक दाखवणं ही तिथं फसवणूक समजली जाते.

लायसन्सचं काय? रहिवासी झाल्यापासून १२ महिने भारतीय लायसन्सवर कार चालवता येते. भारतीय लायसन्स अदलाबदल करून मिळत नाही. प्रोव्हिजनल लायसन्स काढून लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. लेखीत ५० पैकी ४३ प्रश्न बरोबर यावे लागतात, शिवाय रस्त्यावरचा धोका ओळखण्याची व्हिडिओ चाचणी असते. प्रत्यक्ष परीक्षेची तारीख मिळायला बऱ्याच ठिकाणी महिनोन्महिने लागतात. आणि हे बारा महिने गाडी घेतल्यापासून मोजत नाहीत, तिथं राहायला लागल्यापासून मोजतात. ते संपल्यावर तुम्ही शिकाऊच. 'एल' पाटी लावा, आणि २१ वर्षांवरचा, तीन वर्षं पूर्ण लायसन्स असलेला माणूस शेजारी बसवा. तसं न करता गाडी काढली आणि अपघात झाला, तर विम्याचाही प्रश्न उभा राहतो.

आणखी एक. परीक्षा पास झाल्यावर पहिल्या दोन वर्षांत सहा गुण लागले तर लायसन्स रद्द होतं. विम्याविना चालवण्याचे गुण किती? सहा. म्हणजे एका चुकीत सगळं पुन्हा पहिल्यापासून.

हप्ता सुरुवातीला भरपूर येतो. भारतातला नो क्लेम इतिहास बऱ्याच कंपन्या मानत नाहीत, काही मानतात. मानणाऱ्या कंपनीला कागद लागतो. म्हणून निघण्याआधी जुन्या विमा कंपनीकडून इंग्रजीत, तारखांसकट, किती वर्षं दावा नाही याचं पत्र घ्या. तेव्हा ते एका ईमेलवर मिळतं, नंतर मिळवणं कटकटीचं होतं.

श्रोत्यांचे प्रश्न

*माझा मुलगा मँचेस्टरला असतो. मी चार महिन्यांसाठी जाते. त्याची गाडी मी चालवू शकते का?*

काकू, लायसन्सच्या बाजूने हो. पाहुण्यांनाही वैध भारतीय लायसन्सवर १२ महिन्यांपर्यंत चालवता येतं. पण विम्याच्या बाजूने, मुलाने तुमचं नाव पॉलिसीत घालेपर्यंत नाही. काही दिवसांपुरता तात्पुरता विमाही मिळतो.

*गाडी नावावर न करता धाकट्या भावाला वापरायला दिली तर?*

देऊ शकता. भावाचं लायसन्स वैध हवं आणि विमा चालू हवा. पण मालक तुम्हीच राहता. अपघात झाला तर नोटीस तुमच्या नावाने येईल, दाव्याच्या कागदांवर सही तुमची लागेल. तीन-चार वर्षांचा मामला असेल तर भावाच्या नावावर करून टाकणं दोघांच्याही सोयीचं. भावाभावांत गोडी राहावी यासाठीही ते बरं.

पुढच्या आठवड्यात याच वेळी बँक खाती आणि करांकडे वळू. तोवर, ज्यांचं जायचं ठरलंय त्यांनी आज घरी गेल्यावर एवढंच करा: आरसी बुक, विमा पॉलिसी आणि लायसन्स टेबलावर काढा, आणि तिन्हींवरच्या तारखा एका कागदावर लिहून काढा.