मेक्सिकोचा गृहनिधि : भरणा आणि परतावा

नोकरदार मनुष्याच्या नांवानें एखाद्या निधींत वर्षानुवर्षें रक्कम भरली जाते, तेव्हां ती अखेर कोणाची, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. खातें त्याच्या नांवाचें असतें. त्यांतील पैशांवर घर मात्र पुष्कळदां दुसऱ्याचें उभें राहतें. अशा निधीची परीक्षा भरणा घेतांना होत नाहीं, परतावा देतांना होते. या दृष्टीनें मेक्सिको देशाच्या राष्ट्रीय गृहनिधीचा इतिहास फार उद्बोधक आहे.

या निधीचें मूळ १९१७ सालच्या मेक्सिकन राज्यघटनेंत सांपडतें. तिच्या १२३ व्या कलमानें कामगारांना सोईचीं व आरोग्यदायक घरें पुरविण्याचें बंधन मालकांवर घातलें, आणि त्यांचें मासिक भाडें घराच्या नोंदलेल्या किंमतीच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक नसावें असेंही ठरविलें. परंतु हें बंधन पन्नासांहून अधिक वर्षें बहुतांशीं कागदावरच राहिलें. शेवटीं १९७२ सालीं, लुईस एचेव्हेरिया हे राष्ट्राध्यक्ष असतांना, घटनेंत दुरुस्ती होऊन कामगारांसाठीं राष्ट्रीय गृहनिधि व तो चालविणारी ‘इन्फोनाविट’ ही संस्था अस्तित्वांत आली. प्रत्येक मालकानें स्वतः घरें बांधण्याऐवजीं सर्वांनीं एका निधींत भर घालावी, हें तिचें तत्त्व. तिच्या कारभारांत कामगार, मालक व सरकार या तिन्ही पक्षांचे प्रतिनिधि असतात.

भरण्याची रीत साधी आहे. कामगाराच्या वेतनाच्या ५ टक्के इतकी रक्कम मालकानें स्वतःच्या पदरची, दर दोन महिन्यांनीं भरावयाची. ती कामगाराच्या पगारांतून कापावयाची नाहीं. कामगारानें घरासाठीं कर्ज घेतलें, तर त्याच्या नांवें साठलेली रक्कम प्रथम घराच्या किंमतींत धरतात, पुढील भरणा कर्जफेडीकडे जातो, आणि शिवाय पगारांतून हप्ता कापला जातो. पण प्रत्येकजण कर्ज घेतोच असें नाहीं. कोणाचें वडिलोपार्जित घर असतें, कोणाची प्राप्ति कर्जास पुरेशी नसते. अशांच्या पैशांवर त्यांच्या सोबत्यांचीं घरें होतात. त्यांना आपला पैसा केव्हां व किती परत मिळावा, हाच खरा वादाचा विषय.

१९७२ पासून १९९२ पर्यंतचा भरणा ‘बचत निधि’ या नांवानें ओळखला जातो. त्यावर व्याज चढत नसे. निवृत्तीच्या वेळीं जमा रक्कम व तितकीच आणखी भर, म्हणजे दुप्पट, देण्याची तरतूद होती. दुप्पट हा शब्द कानाला गोड लागतो खरा. पण १९८० नंतरच्या दशकांत महागाईनें त्या देशांत कहर केला. एकट्या १९८७ सालीं भाव सुमारे १५९ टक्के चढले. वर्षारंभीं शंभर पेसोंना मिळणाऱ्या मालास वर्षअखेर अडीचशेंहून अधिक पेसो मोजावे लागले. म्हणजे दुपटीची भर एका वर्षांतच वाहून गेली. उलट कर्जदाराची बाकी पुढें अनेक वर्षें किमान वेतनाच्या पटींत मोजली जात असे. वेतन वाढलें कीं बाकीही वाढे. १९९३ सालीं जुन्या एक हजार पेसोंचा एक नवा पेसो झाला आणि जुन्या नोंदींवरील तीन शून्यें गळालीं. नाणें बदलल्यानें कोणाचें नुकसान झालें नाहीं. तें आधींच झालें होतें. नव्या आंकड्यांनीं तें फक्त उघडें केलें.

या अनुभवानंतर १९९२ सालीं प्रत्येक कामगाराच्या नांवें स्वतंत्र गृह-उपखातें उघडून त्यावर व्याज देण्याची पद्धत सुरू झाली. पुढें १ जुलै १९९७ पासून सामाजिक विम्याचा नवा कायदा अंमलांत आला व घरासाठीं न वापरलेली शिल्लक निवृत्तिवेतनास जोडण्याचें ठरलें. येथें एक नवी अडचण निघाली. १९९७ पूर्वींपासून नोकरींत असलेल्यांना १९७३ च्या जुन्या कायद्याप्रमाणें निवृत्तिवेतन घेण्याची मुभा होती. तें त्यांनीं घेतलें, कीं त्यांच्या उपखात्यांतील १९९७ नंतरची रक्कम त्या वेतनाच्या खर्चासाठीं सरकारकडे वळती होई. त्यावरून पुष्कळ कज्जे झाले. अखेर जानेवारी २०१२ मध्यें कायदा दुरुस्त होऊन ही रक्कमही निवृत्तांस परत देण्याचें ठरलें. २०२४ सालच्या कायद्यानें सत्तर वर्षें पुऱ्या झालेल्यांच्या निष्क्रिय खात्यांतील शिल्लक एका नव्या निवृत्तिवेतन-निधीकडे वळविण्याची तरतूद केली आहे. मात्र ती परत मागण्याचा त्यांचा हक्क कालबाह्य होत नाहीं.

म्हणून मेक्सिकोंतील निवृत्त कामगाराचा परतावा हा एक आंकडा नसून, त्याची नोकरी ज्या ज्या कायद्याखालीं झाली त्यांच्या वेगवेगळ्या हिशोबांची ती बेरीज असते. गृहनिधि कोणत्याही देशाचा असो, त्याच्या सभासदानें तीन गोष्टी आरंभींच विचारून घ्याव्यात : भरणा कोणाच्या पदरचा, महागाईपासून त्याचें रक्षण कशानें होणार, आणि घर न घेतल्यास तो कोणत्या दिवशीं व कोणाच्या हातीं पडणार. यांपैकीं दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर वेळींच न मिळाल्याची किंमत मेक्सिकोच्या एका पिढीनें मोजली आहे.